उत्तर आलं नाही, तरी शिक्का मारला! लिनक्समधली एक जुनी चूक

घरात किंवा शाळेत एकच संगणक अनेकजण वापरतात. म्हणून आपण मुलांना वेगळं खातं देतो, मुख्य पासवर्ड स्वतःकडे ठेवतो आणि निर्धास्त होतो. पण जून २०२१ मध्ये जाहीर झालेल्या एका चुकीने हा भरवसा किती कच्चा असू शकतो, ते दाखवलं.

लिनक्समध्ये नवीन खातं उघडण्यासारखी कामं साधा वापरकर्ता परस्पर करू शकत नाही. त्यासाठी 'रूट'चे, म्हणजे संगणकाच्या मालकाचे अधिकार लागतात. एखादी मागणी आली की तिला इजाजत द्यायची की आधी पासवर्ड मागायचा, हे 'पॉलकिट' नावाचा प्रोग्राम ठरवतो.

आता शाळेच्या ऑफिसचं उदाहरण घेऊ. खिडकीतून कुणीतरी अर्ज सरकवतो. क्लार्क विचारतो, "अर्ज कुणाचा?" तेवढ्यात देणारा पसार! शहाणा क्लार्क अर्ज बाजूला ठेवेल. पण हा क्लार्क समजतो की अर्ज हेडमास्तरांचाच असणार, आणि शिक्का मारून मोकळा होतो.

पॉलकिटने नेमकं हेच केलं. लिनक्समध्ये प्रत्येक वापरकर्त्याला एक क्रमांक असतो आणि रूटचा क्रमांक शून्य. मागणी पाठवणारा प्रोग्राम मधेच बंद केला, तर पॉलकिटला त्याचा क्रमांक मिळत नसे. ही अडचण नीट न हाताळल्याने क्रमांकाच्या जागी शून्यच राहायचा. म्हणजे साध्या माणसाची मागणी मालकाची ठरायची! वेळ अचूक साधावी लागे, पण पुन्हा पुन्हा प्रयत्न केला की ती साधत असे. क्षणाच्या अशा शर्यतीतून होणाऱ्या चुकीला 'रेस कंडिशन' म्हणतात.

गिटहबचे सुरक्षा संशोधक केव्हिन बॅकहाउस यांनी ही चूक शोधली. ती सुमारे ७ वर्षं तशीच पडून होती. उबंटू २०.०४ आणि रेड हॅट ८ मध्येही ती होती. यासाठी संगणकावर आधीच खातं असावं लागे, म्हणजे धोका बाहेरच्यापेक्षा आतल्याकडून जास्त.

चूक जाहीर झाली तेव्हाच दुरुस्तीही आली. पण अपडेट केलं नाही, तर ती दुरुस्ती आपल्यापर्यंत पोहोचणार कशी? अँड्रॉइड मोबाइल आणि विंडोजमध्ये पॉलकिट नसतं. मात्र घरात किंवा मुलांच्या शाळेत उबंटू असेल, तर अपडेट झालंय का, एवढं आजच बघून घ्या. नुसता पासवर्ड पुरेसा नाही, तो तपासणारा शिपाईही जागा हवा.