ग्लूटेनवर्ज्य न्याहारी : लाह्या पथ्य, यव अपथ्य

सीलिॲक व्याधीचे निदान झालेल्या बालकाची माता वैद्याकडे येते, तेव्हा तिचा पहिला प्रश्न औषधाचा नसतो. 'सकाळी आणि मधल्या वेळी मुलाला खायला काय देऊ?' असे ती विचारते. हे उत्तर वरवर सोपे असले, तरी त्यातील अनवधान रुग्णास बाधक ठरते. म्हणून या विषयाचे थोडक्यात विवेचन करीत आहोत.

गहू, यव व राय या धान्यांतील ग्लूटेन प्रथिनामुळे या व्याधीत शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्याच्या अंतःस्तराची हानी करते. डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी १९५० साली आपल्या प्रबंधात गव्हाशी असलेला हा संबंध मांडला. अतिसार, आध्मान, पांडुता, वाढ खुंटणे ही लक्षणे ग्रहणीशी मिळतीजुळती आहेत. परंतु दीपन-पाचनाने अग्नी सुधारला म्हणून गहू पुन्हा सुरू करता येत नाही. येथे निदानपरिवर्जन आजन्म आहे. तसेच निदानासाठीची रक्ततपासणी गहू बंद करण्यापूर्वीच करून घ्यावी. अन्यथा व्याधी असूनही ती निर्दोष येऊ शकते.

आता यवाचा विचार करू. चरकसंहितेतील छर्दिनिग्रहण महाकषायात यव व लाजा ही दोन्ही द्रव्ये आली आहेत. सीलिॲक रुग्णाला मात्र लाजा पथ्य, तर यव सर्वथा अपथ्य होय. प्रमेहात यव सुचविण्याची आपली सवय येथे आवरावी लागते. यवापासून केलेली तुषोदक व सौवीरक ही कांजीही त्याच कारणाने टाळावी.

बाजारातील कॉर्नफ्लेक्स मक्याचे असले, तरी त्यांत चवीसाठी पुष्कळदा जवाचे माल्ट घातलेले असते. ओट्समध्ये शेतापासून गिरणीपर्यंत गहू मिसळण्याचा संभव असतो. यास्तव वेष्टनावरील घटकांची यादी वाचावी व 'ग्लूटेन-फ्री' हा उल्लेख पाहावा. आपल्या देशात असा उल्लेख करण्यासाठी प्रतिकिलो २० मिलिग्रॅम ही ग्लूटेनची कमाल मर्यादा आहे.

सुदैवाने आपल्या स्वयंपाकघरात पर्याय विपुल आहेत. साळीच्या किंवा ज्वारीच्या लाह्या दुधासह न्याहारीस द्याव्यात. पोहे, कुरमुरे, नाचणीसत्त्वाची खीर, राजगिऱ्याच्या लाह्यांचे गुळातील लाडू, शेंगदाण्याची चिक्की हे पदार्थ मुले आवडीने खातात. डब्यासाठी पातळ पोह्यांचा चिवडा उत्तम.

परंतु घरातही सावधानता हवी. मेतकूट, सातूचे पीठ व थालीपिठाची भाजणी यांत बहुधा गहू असतो. बांधानी हिंगात गव्हाचे पीठ मिसळलेले असू शकते; त्यामुळे चिवड्याच्या फोडणीतूनही गहू पोटात जातो. शंकरपाळी तळलेल्या तेलात या मुलाचा पदार्थ तळू नये. गिरणीत गव्हानंतर त्याच जात्यावर दळलेले ज्वारीचे पीठ शुद्ध राहत नाही. शक्य तर ते घरीच स्वतंत्र दळावे.

वैद्यबंधू-भगिनींनी 'गहू बंद' एवढेच सांगून थांबू नये. काय द्यावे, काय टाळावे आणि टाळावयाचे पदार्थ कोठे दडलेले असतात, अशी तीन स्तंभांची पथ्यपत्रिका मातेच्या हाती द्यावी. मुलाला चार मुलांत बसून निःशंकपणे खाऊ खाता येणे, हेही त्याच्या चिकित्सेचेच अंग आहे, असे आम्हांस वाटते.