लेबलावरचे नाव

संकलित एलपी म्हणजे निरनिराळ्या चित्रपटांतली किंवा निरनिराळ्या वेळी निघालेली गाजलेली गाणी एकत्र आणून काढलेली लाँग प्ले ध्वनिमुद्रिका. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात हा प्रकार भारतात रुळला. त्याआधीची 78 फेऱ्यांची प्लेट लाखेची, दहा इंची, जड आणि हातातून निसटली तर तुकडे होणारी. एका बाजूला एक गाणे, जेमतेम सव्वातीन-साडेतीन मिनिटांचे. सात इंची, 45 फेऱ्यांच्या ईपीवर चार गाणी बसू लागली आणि बारा इंची, 33⅓ फेऱ्यांच्या एलपीवर साधारण बारा. चावीच्या ग्रामोफोनचा जड साउंडबॉक्स आणि पोलादी सुई एलपीच्या बारीक चरांना चालत नसे, त्यामुळे नव्या तबकडीबरोबर नवे यंत्रही घरात यावे लागले. सत्तरच्या सुमारास 78 ची छपाई थांबली.

फरक फक्त लांबीचा नव्हता. 78 ची प्लेट घेणारा माणूस एक गाणे मनात धरून दुकानात जात असे. संकलित एलपीत बारा गाण्यांची निवड आणि त्यांचा क्रम कंपनी ठरवत असे. पहिले कोणते, बाजू उलटल्यावर कोणते, हे एकदा ठरले की तसेच राहिले. त्या एलपीवर वाढलेल्या घरांत आजही एक गाणे संपता संपता पुढच्याचा वाद्यमेळ कानात सुरू होतो, तो या निवडीमुळे.

पाश्चात्त्य देशांत असे संकलन काढणे कटकटीचे होते, कारण गाणी वेगवेगळ्या कंपन्यांच्या मालकीची. कॅनडातल्या विनिपेगच्या फिलिप काइव्ह्स यांनी 1966 मध्ये के-टेलचे पहिले संकलन काढले, ते मूळ गायकांच्या मूळ ध्वनिमुद्रणांचे. 1967 मध्ये ब्रिटनमध्ये मोटाउनने आपल्याच गाण्यांची ‘चार्टबस्टर्स’ मालिका सुरू केली. 1968 मध्ये हॉलमार्कने तिसरी वाट धरली: ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या स्वस्त एलपींवर ताजी गाणी निनावी गायकांकडून पुन्हा गाऊन घेतलेली असत. भारतात यातले काहीच करावे लागले नाही. ग्रामोफोन कंपनीची सत्ता जवळजवळ निर्वेध होती. एचएमव्ही, कोलंबिया, ओडियन, एंजल ही लेबले तिचीच. दमदमच्या कारखान्यात छापलेले कोणतेही गाणे कोणत्याही दुसऱ्या गाण्याशेजारी ठेवायला कुणाची परवानगी लागत नव्हती. पुढे पॉलिडॉर ही दुसरी कंपनी आली आणि ही मोकळीक संपली. 1975 चा ‘शोले’ पॉलिडॉरकडे गेला, तो एचएमव्हीच्या संकलनांत येणे शक्य नव्हते.

कंपनीच्या मुंबई कचेरीत ग. ना. जोशी यांच्यासारखा जाणकार होता, हे मराठी संगीताचे भाग्य. ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ कविता 1932 मध्ये ध्वनिमुद्रिकेवर गाऊन त्यांनी भावगीताला घराघरांत नेले. पुढे ते कंपनीत ध्वनिमुद्रण अधिकारी झाले. तिथल्या आठवणी ‘स्वरगंगेच्या तीरी’ या पुस्तकात आहेत. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काब्रा यांची 1967 ची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ त्यांच्याच देखरेखीखाली झाली. ते संकलन नव्हे. एलपीच्या दोन्ही बाजू मिळून एकच कल्पना उभी करता येते, हे दाखवणारी ती तबकडी. संकलने करणाऱ्यांना तेवढी उसंत क्वचितच मिळाली.

कोल्हापूर जिल्ह्यात वारणा आणि पंचगंगा या नद्यांच्या मधल्या पट्ट्यातल्या पेठ वडगावसारख्या बाजारपेठेच्या गावात रेकॉर्ड ही घरात विकत घेण्याआधी बाहेर ऐकण्याची वस्तू होती. लग्नाचा मांडव, गणपती, जत्रा. बांबूला बांधलेला कर्णा, खाली टेबलावर अँप्लिफायर आणि प्लेटा बदलणारा स्पीकरवाला. त्याच्या कामाला 78 किंवा ईपी सोयीची, फर्माईश आली की लगेच लावता येणारी. एलपीवरचे आठवे गाणे हवे असेल, तर दोन गाण्यांमधली बारीक चकचकीत रेघ डोळ्यांनी शोधून तिथे अलगद सुई टेकवावी लागे. हात जरा हलला की आधीच्या गाण्याचे शेपूट सगळ्या मांडवाला ऐकू जाई. संकलित एलपी खरी दिवाणखान्यासाठी होती. मोठ्या आवाजात गावभर वाजलेले गाणे तीवरून पुन्हा, हळू आवाजात ऐकले गेले.

या तबकडीचे लेबल हा एक दस्तऐवज आहे आणि तो वाचायला शिकले पाहिजे. क्रमांकाआधी ‘ईसीएलपी’ असेल तर मोनो, ‘ईसीएसडी’ असेल तर स्टिरिओ. लेबलालगतच्या गुळगुळीत पट्ट्यात कोरलेला असतो तो मॅट्रिक्स क्रमांक. 78 वर प्रत्येक गाण्याला स्वतःचा मॅट्रिक्स क्रमांक होता. एलपीवर पूर्ण बाजूला मिळून एकच. म्हणजे संकलनात आलेल्या गाण्याची स्वतंत्र ओळख तिथेच पुसली गेली. उरले ते छापलेले नाव. चित्रपटाच्या रेकॉर्डवर चित्रपटाचे नाव ठळक असे; संकलनावर बहुधा गायकाचे. गीतकार आणि संगीतकार बारीक अक्षरांत गेले, आणि काही वेष्टणांवर तर अजिबात उरले नाहीत. हे नुकसान मोठे होते.

नावाचे महत्त्व कोल्हापूरच्या चार चित्रपटांवरून स्पष्ट होते. भालजी पेंढारकरांच्या ‘मोहित्यांची मंजुळा’ (1963), ‘मराठा तितुका मेळवावा’ (1964), ‘साधी माणसं’ (1965) आणि ‘तांबडी माती’ (1969) या चित्रपटांच्या संगीतापुढे ‘आनंदघन’ असे नाव आहे. आनंदघन म्हणजे लता मंगेशकर. एकाच लेबलावर गायिका म्हणून एक नाव, संगीतकार म्हणून दुसरे, आणि दोन्ही एकाच व्यक्तीची. ‘साधी माणसं’ला संगीताचा राज्य पुरस्कार जाहीर झाला तेव्हा आनंदघन कोण, हे निवेदकाने सांगितल्यावर सभागृहाला कळले, अशी हकिकत प्रसिद्ध आहे. त्या चित्रपटातले ऐरणीपाशी गायले जाणारे, जगदीश खेबुडकरांनी लिहिलेले गाणे आजही कोल्हापूर भागात गायिकेच्या नावानेच ओळखले जाते. चाल बांधणारीही तीच होती, हे फार थोड्यांच्या लक्षात असते. खेबुडकर हळदीचे, याच जिल्ह्यातले. त्यांचे नाव तर त्याहून मागे राहते.

लताबाईंनी नाव लपवले ते स्वतःच्या मर्जीने. गायिका सुमन कल्याणपूर यांच्या बाबतीत नाव दुसऱ्यांनी झाकले. दोघींच्या आवाजातले साम्य सर्वांना माहीत आहे. रेडिओ सिलोनवर अनेकदा गायकाचे नाव न सांगता गाणे वाजे, आणि काही रेकॉर्डांच्या लेबलांवरही नाव चुकीचे छापले गेले. दशरथ पुजारी आणि अशोक पत्की यांच्या चालींवरची सुमन कल्याणपूर यांची मराठी भावगीते मराठी श्रोत्याने नावासकट जपली. हिंदीत मात्र त्यांचे गाणे ऐकून नाव दुसरेच घेणारे लोक कमी नव्हते.

त्यांच्या हिंदी कारकिर्दीचा सर्वात भरलेला काळ एका भांडणाशी जोडलेला आहे. रेकॉर्डच्या विक्रीवरची रॉयल्टी कंपनी निर्मात्याला देत असे. तीत गायकालाही वाटा हवा, असे लता मंगेशकरांचे म्हणणे. गाण्याचा मोबदला मिळाला की व्यवहार संपला, असे महंमद रफींचे. साठच्या दशकाच्या पूर्वार्धात दोघांनी एकत्र गाणे थांबवले. 1967 मध्ये समेट झाला आणि ‘ज्वेल थीफ’मध्ये दोघांचे आवाज पुन्हा एकत्र आले. मधल्या काळात रफींबरोबर बहुतेक वेळा सुमन कल्याणपूर होत्या: ‘राजकुमार’ (1964), ‘जब जब फूल खिले’ (1965), ‘सूरज’ (1966), आणि समेटानंतरही ‘ब्रह्मचारी’ (1968). त्या काळातल्या द्वंद्वगीतांचे संकलन ऐकताना ही तीन-चार वर्षे आवाजाच्या बदलावरून सरळ ओळखू येतात.

भांडणात बाजू घ्यायची तर लताबाईंची घ्यावी लागते. रफींचा मोठेपणा त्याने कमी होत नाही. पण त्यांचा हिशेब 78 च्या काळाला धरून होता. प्लेट आली, विकली, विस्मरणात गेली. संकलनाने हा हिशेब मोडला. तेच ध्वनिमुद्रण, नव्याने कुणालाही न बोलावता, कोणताही नवा वाद्यमेळ न जमवता, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा विकले जाऊ लागले. पुढे कॅसेट आल्यावर त्याला अंतच राहिला नाही.

गीतकार आणि संगीतकारांच्या हक्कांसाठी इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी 1969 मध्ये स्थापन झाली. 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटासाठी मोबदला देऊन करवून घेतलेल्या गाण्याचा मालक निर्माता, असा निर्णय दिला आणि ही वाट जवळजवळ बंद झाली. ऐंशीच्या दशकात कॅसेट कंपन्यांनी 1957 च्या कॉपीराइट कायद्यातल्या एका तरतुदीच्या आधारे जुनी गाणी नव्या आवाजांत गाऊन घेतली. हॉलमार्कची 1968 ची युक्ती भारतात अशी वीस वर्षांनी पोचली. गीतकार, संगीतकार आणि गायक यांचा रॉयल्टीतला वाटा कायद्याने पक्का व्हायला 2012 ची दुरुस्ती यावी लागली.

ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीनंतर 60 वर्षे टिकतो. 1965 मध्ये निघालेल्या रेकॉर्डींचा हक्क 2025 च्या अखेरीपर्यंत, 1969 च्या रेकॉर्डींचा 2029 पर्यंत. गीत आणि चाल यांचा हक्क वेगळा. तो रचनाकाराच्या निधनानंतर 60 वर्षे चालतो. त्यामुळे ‘साधी माणसं’ची तबकडी मोकळी झाली तरी खेबुडकरांचे शब्द 2071 पर्यंत आणि आनंदघनांच्या चाली 2082 पर्यंत संरक्षित राहतील.

चुकलेली नावे दुरुस्त करण्याचे काम कंपन्यांनी केले नाही, ते संग्राहकांनी केले. कानपूरच्या हरमंदिर सिंह ‘हमराज’ यांच्या ‘हिंदी फिल्म गीत कोश’ या दशकवार खंडांत प्रत्येक चित्रपटाखाली गाणी, गायक, गीतकार, संगीतकार आणि रेकॉर्ड क्रमांक दिलेले आहेत. 1961 ते 1970 चा भाग चौथ्या खंडात येतो. एखाद्या संकलनाच्या वेष्टणावर नुसते गायकाचे नाव असेल, तर त्या खंडात चित्रपट शोधून गाण्याचे बाकीचे धनी सापडतात.