आकड्यांपलीकडचे छायाचित्र
म्हैसूरच्या दसऱ्याच्या प्रकाशात पारखलेले दोन कॅमेरे

विजयादशमीच्या दुपारी म्हैसूरच्या राजवाड्यातून जंबू सवारी निघते. देवी चामुंडेश्वरीची मूर्ती सुमारे ७५० किलो वजनाच्या सुवर्ण अंबारीत विराजमान असते, ती अंबारी पेलणारा गजराज संथ पावले टाकीत बन्नीमंटपाच्या दिशेने निघतो आणि रस्त्याच्या दुतर्फा उभ्या असलेल्या जनसमुदायातून सहस्रावधी हात एकाच वेळी उंचावतात. पूर्वी हे हात केवळ नमस्कारासाठी जोडले जात. गेल्या पंचवीस वर्षांत त्या प्रत्येक हातात कॅमेरा आला. प्रारंभी कुणाच्या हाती भारदस्त व्यावसायिक कॅमेरा, तर कुणाच्या हाती सदऱ्याच्या खिशात मावेल असा इवलासा डिजिटल कॅमेरा असे. आज बहुतेकांच्या हाती मोबाइल असतो.

१६१० साली राजा वडियार यांनी श्रीरंगपट्टण येथे सुरू केलेल्या या उत्सवाची छायाचित्रे काढावयाची, तर कोणता कॅमेरा न्यावा? प्रश्न वरवर साधा आहे; परंतु त्यात एक मोठा गैरसमज दडलेला आहे. नवे ते सरस आणि मोठा आकडा तो उत्तम, असे ग्राहकाच्या मनावर जाहिरातींनी वर्षानुवर्षे बिंबविले. कॅमेऱ्याच्या बाबतीत तो आकडा होता मेगापिक्सेलचा. म्हैसूर नगरीत दिवसभरात जितक्या प्रकारचा प्रकाश भेटतो, तितक्या प्रकारांनी हा आकडा तपासून पाहता येतो.

दोन पिढ्या, दोन आकडे

तुलनेसाठी एकाच कंपनीचे दोन कॅमेरे घेऊ. पहिला कॅननचा ईओएस-१डी. २००१ साली तो वृत्तपत्रांच्या व क्रीडाक्षेत्रातील छायाचित्रकारांसाठी बाजारात आला. भिंगातून येणारे दृश्य आरशावरून वळवून थेट डोळ्यापर्यंत पोहोचविणारा, भिंगे बदलता येणारा हा डीएसएलआर जातीचा कॅमेरा. केवळ कॅमेऱ्याचे वजन सव्वा किलो. बॅटरी आणि भिंग यांचा भार निराळा. त्याची क्षमता ४.१५ मेगापिक्सेल. दुसरा कॅमेरा त्याच कंपनीचा डिजिटल इक्सस ७०, २००७ सालचा. जाडी दोन सेंटिमीटरांहून कमी, वजन सुमारे सव्वाशे ग्रॅम आणि क्षमता ७.१ मेगापिक्सेल.

आकड्यांवर विश्वास ठेवावयाचा, तर सहा वर्षांत आणि वजनाच्या दहाव्या हिश्श्यात ग्राहकाला जवळजवळ पावणेदोन पट कॅमेरा मिळाला, असेच म्हणावे लागेल. परंतु मेगापिक्सेल म्हणजे चित्र किती ठिपक्यांत विभागले जाते याची केवळ गणती. त्यातील प्रत्येक ठिपका किती प्रकाश गोळा करतो, हे त्या गणतीत येत नाही.

डिजिटल कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी प्रकाशसंवेदक असतो. मोठ्या कॅमेऱ्यातील हा संवेदक २८.७ बाय १९.१ मिलिमीटर, म्हणजे सुमारे ५४८ चौरस मिलिमीटर क्षेत्रफळाचा. छोट्या कॅमेऱ्यातील संवेदक अवघा २५ चौरस मिलिमीटरांच्या आसपास. हाताच्या करंगळीच्या नखावर सहज मावेल एवढा. क्षेत्रफळातील हे अंतर सुमारे बावीसपट आहे. शिवाय छोट्या संवेदकावर ठिपकेही अधिक दाटीवाटीने बसविलेले. परिणामी मोठ्या कॅमेऱ्याचा प्रत्येक ठिपका छोट्याच्या ठिपक्यापेक्षा सुमारे अडतीसपट मोठा आहे.

पावसाळ्यात अंगणात परात आणि वाटी शेजारी शेजारी ठेवली, तर पाऊस दोन्हींत सारखाच पडतो. पण परातीत पाणी अधिक साठते. प्रकाशाचेही तसेच आहे. मुसळधार पावसात वाटीही भरून जाते, म्हणून भर उन्हात छोटा कॅमेरा कमी पडत नाही. रिमझिम सुरू झाली की मात्र परात आणि वाटी यांतील भेद उघड होतो.

भर दुपारी चामुंडी टेकडीवर

चामुंडी टेकडीच्या पायऱ्यांच्या वाटेवर एकाच पाषाणातून घडविलेला भव्य नंदी आहे. सतराव्या शतकात दोड्ड देवराज वडियार यांच्या कारकिर्दीत तो घडला. स्वच्छ उन्हात नंदीसमोर उभ्या असलेल्या कुटुंबाचे छायाचित्र दोन्ही कॅमेऱ्यांनी काढले, तर मुद्रणाच्या हिशेबात छोटा कॅमेरा पुढे जातो. त्याची प्रतिमा ३०७२ बाय २३०४ ठिपक्यांची असते. इंचाला ३०० ठिपके धरून छापल्यास ती सुमारे दहा इंच रुंद येते. मोठ्या कॅमेऱ्याची २४६४ बाय १६४८ ठिपक्यांची प्रतिमा सव्वाआठ इंचांवर थांबते. घरातील भिंतीवर लावावयाच्या चौकटीसाठी हा फरक नगण्य म्हणता येणार नाही.

तथापि त्याच नंदीच्या काळ्याभोर पाषाणाकडे बारकाईने पाहिले, की दुसरी बाजू दिसते. काळ्या दगडावरील घंटांची माळ आणि मागचे झगझगीत आकाश यांतील प्रकाशाची तफावत फार मोठी असते. छोट्या संवेदकाची धारणशक्ती लवकर संपते. दगडातील नक्षी जपावी, तर आकाश पांढरेफटक होते. आकाशाची निळाई जपावी, तर नक्षी काळोखात बुडते. सुवर्ण अंबारीचेही हेच. सोन्याची झळाळी छोट्या कॅमेऱ्यात अनेकदा निव्वळ पांढरा डाग होऊन उरते. मोठ्या कॅमेऱ्यात रॉ पद्धतीने चित्र साठविता येते. त्यामुळे पुढे संगणकावर सावल्यांतील तपशील बऱ्याच अंशी परत मिळविता येतो. इक्सस ७० मध्ये ती सोय नव्हती.

दिवे लागल्यानंतर

म्हैसूरचा खरा कस लागतो तो दिवे लागल्यावर. जुना लाकडी राजवाडा १८९७ साली आगीत भस्मसात झाला. त्यानंतर हेन्री आयर्विन या वास्तुविशारदाच्या आराखड्यानुसार उभारलेला आजचा राजवाडा १९१२ साली पूर्ण झाला. दसऱ्याच्या संध्याकाळी त्याच्यावरील सुमारे ९७ हजार दिवे एकाच क्षणी उजळतात. हे दृश्य पाहताच बहुतेक पर्यटक फ्लॅश सुरू ठेवूनच छायाचित्र काढतात. कॅमेऱ्यातील इवलासा फ्लॅश काही मीटरांपलीकडे पोहोचत नाही. त्यामुळे पुढच्या रांगेतील डोकी तेवढी उजळतात आणि राजवाडा मागे मंदावतो.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगण्याजोगी आहे. राजवाडा हलत नाही. म्हणून छोटा कॅमेरा तिवईवर किंवा एखाद्या कठड्यावर स्थिर ठेवावा, फ्लॅश बंद करावा, संवेदनशीलता किमान ठेवावी आणि स्वयंचलित टायमरने छायाचित्र काढावे. हातही न लागता काही क्षण उघडे राहिलेले शटर त्या वाटीलाही पुरेसा प्रकाश भरू देते आणि उत्तम चित्र मिळते. लहान कॅमेऱ्याची उणीव अशा ठिकाणी धीराने भरून काढता येते.

जेथे समोरचा विषयच हलत असतो, तेथे हा उपाय चालत नाही. बन्नीमंटप मैदानावरील मशालींच्या संचलनात घोडेस्वार दौडत असतात. तेथे शटर दीर्घकाळ उघडे ठेवता येत नाही. संवेदनशीलता वाढवावी लागते. छोट्या संवेदकाने टिपलेला अपुरा प्रकाश कृत्रिमरीत्या वाढविला, की त्याबरोबर रंगीत दाणेही वाढतात. ते दाणे पुसण्यासाठी कॅमेरा चित्र गुळगुळीत करतो आणि त्या भरात स्वारांच्या चेहऱ्यांवरील भावही पुसले जातात. अशा वेळी कमी मेगापिक्सेलचा जुना कॅमेरा निर्विवाद सरस ठरतो.

क्षण निसटतो कोठे?

प्रकाशाइतकाच महत्त्वाचा घटक म्हणजे काळ. ईओएस-१डीचे बटण दाबल्यापासून शटर उघडेपर्यंत सेकंदाचा सुमारे अठरावा भाग लागतो, आणि तो सेकंदाला आठ छायाचित्रे काढतो. त्या काळातील खिशातले कॅमेरे आधी फोकस शोधत, मग चित्र टिपत. मंद प्रकाशात यात अर्धा सेकंद किंवा त्याहूनही अधिक काळ सहज जाई. गजराजाने सोंड उंचावलेली दिसावी आणि छायाचित्रात मात्र ती खाली आलेली असावी, हा अनुभव त्या काळात घरोघरीच्या अल्बमांनी घेतला.

म्हैसूरनजीकचे रंगनतिट्टू पक्षी अभयारण्य हा याचा आणखी एक दाखला. पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली यांच्या आग्रहामुळे १९४० साली या बेटांना संरक्षण लाभले. कावेरीच्या पात्रातून होडीने जाताना चित्रबलाक पंख पसरून घरट्यावर उतरतो, तो क्षण निमिषमात्राचा असतो. शिवाय पक्षी दूर असतो. मोठ्या कॅमेऱ्याला दूरवेधी भिंग जोडता येते. छोट्याची धाव तिप्पट झूमपाशी संपते.

छोट्या कॅमेऱ्याचे बलस्थान

एवढ्यावरून छोटा कॅमेरा हिणकस ठरविणे अन्यायाचे होईल. देवराज मार्केटमध्ये कुंकवाच्या आणि रंगांच्या राशींचे शंकू, मल्लिगेच्या माळा, केळ्यांचे घड यांच्यामधून वाट काढताना मोठा कॅमेरा अडचणीचा होतो. इतकेच नव्हे, तर तो समोरच्या माणसाला सावध करतो. विक्रेता हातातले काम थांबवून ताठ उभा राहतो आणि हवे असलेले चित्र तेथेच संपते. खिशातून अलगद निघालेल्या कॅमेऱ्याकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. लहान संवेदकामुळे पुढची रास आणि मागची माळ, दोन्ही स्पष्ट दिसतात. जवळून टिपावयाच्या वस्तूंसाठी हा मोठाच लाभ आहे.

याच नगरीत १९२३ साली जन्मलेले आणि २००९ साली येथेच निवर्तलेले टी. एस. सत्यन हे भारतीय वृत्तछायाचित्रणातील अग्रणी. मुंबईहून निघणाऱ्या 'इलस्ट्रेटेड वीकली ऑफ इंडिया'साठी त्यांनी काम केले, युनिसेफसाठी देशातील बालकांचे जीवन टिपले आणि १९७७ साली त्यांना पद्मश्री किताब मिळाला. त्यांच्या आयुष्यातील बहुतांश काम डिजिटल कॅमेरा सर्वसामान्यांपर्यंत पोहोचण्यापूर्वीचे आहे. त्यात मेगापिक्सेलचा प्रश्नच उद्भवत नव्हता. साध्या माणसांचे सहज, नैसर्गिक जगणे त्यांच्या छायाचित्रांत आढळते. यंत्र समोरच्या माणसाला जितके विसरता येईल तितके बरे, हे त्यांच्या कामाकडे पाहताना पटते.

खर्चाचा ताळेबंद

आता थोडा हिशेब. डिजिटल कॅमेऱ्याचे मूल्य जितक्या वेगाने घसरते, तितक्या वेगाने घरातील फार थोड्या वस्तूंचे घसरत असेल. एके काळी काही लाखांच्या घरातील व्यावसायिक कॅमेरे दहा-पंधरा वर्षांत त्याच्या अल्पांश किमतीला विकले जाऊ लागले. त्यामुळे जुना डीएसएलआर स्वस्तात घेण्याचा मोह होतो. तो घेताना सुटे भाग व दुरुस्ती यांची उपलब्धता, थकलेली बॅटरी आणि आता सहजी न मिळणारी जुन्या पद्धतीची मेमरी कार्डे यांचा विचार आधी करावा. शटर यांत्रिक असल्याने त्यालाही आयुर्मर्यादा असते.

भिंगांची गोष्ट मात्र निराळी आहे. कॅननने १९८७ साली आणलेल्या ईएफ पद्धतीची भिंगे आजच्या आरसाविरहित कॅमेऱ्यांवरही जोडणीच्या साहाय्याने चालतात. ज्यांनी कॅमेऱ्याच्या नव्या नव्या आवृत्त्यांमागे न धावता एखादे चांगले भिंग घेतले, त्यांची रक्कम मुदत ठेवीप्रमाणे टिकून राहिली. आणि आकड्यांच्या मागे धावलेल्यांची दर दोन वर्षांनी खर्ची पडली.

काळाने दोन्ही कॅमेऱ्यांना मागे टाकले, हेही खरेच. जगभरात डिजिटल कॅमेऱ्यांची पाठवणी २०१० साली बारा कोटींवर गेली होती. २०२० साली ती नव्वद लाखांच्याही खाली आली. खिशातल्या कॅमेऱ्याची जागा मोबाइलने घेतली. २०१८ पासून कॅनन व निकॉन या दोन्ही कंपन्या आरसाविरहित कॅमेऱ्यांकडे वळल्या. मोबाइलचा संवेदकही लहानच आहे. एकापाठोपाठ अनेक चित्रे टिपून त्यांचे गणिती मीलन करण्याची युक्ती त्याने साधली, म्हणजे एका वाटीऐवजी अनेक वाट्या भरून घेतल्या. तरीही त्याच्या जाहिरातीत आजही सर्वांत मोठ्या अक्षरांत झळकतो तो मेगापिक्सेलचाच आकडा.

तेव्हा खरेदीस निघालेल्या ग्राहकाने विक्रेत्याला आधी आकडा विचारू नये. स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. छायाचित्रे प्रामुख्याने कोणत्या प्रकाशात काढावयाची आहेत? विषय स्थिर आहे की चालता-बोलता? आणि हा कॅमेरा रोज बरोबर नेला जाईल की कपाटात राहील? उत्सवातील रात्री आणि अरण्यातील पक्षी टिपणाऱ्याला मोठा संवेदक व चांगले भिंग यांना पर्याय नाही. कुटुंबाच्या सहली, बाजारपेठा आणि मुलांचे वाढदिवस जपू पाहणाऱ्याला खिशातले साधन पुरेसे आहे. मात्र त्याने फ्लॅश बंद करण्याची आणि हात स्थिर ठेवण्याची सवय लावून घ्यावी. सुवर्ण अंबारी डोळ्यांसमोरून पुढे सरकते, ती वर्षभराने परत येण्यासाठी. त्या वेळी हाती असलेल्या साधनाची शक्ती आणि मर्यादा ठाऊक असलेल्यालाच तिचे चित्र लाभते.