आधी रेंज, मग फोन

गटातल्या बायका विचारतात, "ताई, फोन कोणत्या कंपनीचा घ्यावा?" मी आधी विचारते, "तुमच्या घरात रेंज कुणाची येते?" फोन बनवणारी कंपनी वेगळी, सिमकार्डाची वेगळी. पण कुठला फोन चालेल आणि कुठला कपाटात पडेल, हे पुष्कळदा सिमवालीच ठरवते.

२०१६ साल आठवा. सप्टेंबरात जिओ आलं आणि पुढच्या मार्चपर्यंत बोलणं-नेट सगळं फुकट. पण त्याचं नेटवर्क फक्त फोर-जी. साधं बोलणंसुद्धा नेटवरूनच जायचं. थ्री-जी फोनात ते सिम घालून उपयोग नव्हता. त्याआधी मायक्रोमॅक्स, कार्बन, लावा, इंटेक्स या आपल्याकडच्या कंपन्यांचे स्वस्त फोन भराभर खपत. मायक्रोमॅक्स तर सॅमसंगच्या पाठोपाठ होती. गिऱ्हाईक फोर-जी मागायला लागलं तेव्हा या कंपन्यांकडे थ्री-जीचाच माल बराच होता. शाओमी, व्हिवो, ओप्पो या चिनी कंपन्या तयारीत होत्या. २०१७ संपता संपता शाओमीनं सॅमसंगलाही मागे टाकलं. चिनी कंपन्यांकडे पैसा नि जाहिरातही जास्त होती म्हणा, पण धक्का सिमवालीचा होता.

मग सिमवाल्यांनी स्वतःच फोन आणले. २०१७ मध्येच बटणांचा जिओफोन आला. १,५०० रुपये अनामत, तीन वर्षांनी फोन दिला की परत. पण त्यात दुसऱ्या कंपनीचं सिम चालत नव्हतं. ऑक्टोबरात एअरटेलनं कार्बनबरोबर स्मार्टफोन काढला, "१,३९९ रुपयांत". दुकानात मात्र मोजायचे २,८९९. त्यातले ५०० दीड वर्षानं परत, १,००० तीन वर्षांनी. तेही दर दीड वर्षात किमान ३,००० चं रिचार्ज केलं तर! गटाच्या वहीत मांडतो तसं मांडा: २,८९९ आणि ६,०००, त्यातून १,५०० वजा. झाले ७,३९९. रिचार्ज तर करावंच लागतं, असं तुम्ही म्हणाल. खरं आहे. पण वर्षभरानं गावात दुसऱ्या कंपनीचा टॉवर झाला, तर तिकडे जायचं कसं? पैसे अडकलेले.

हे आपल्याकडेच होतं असंही नाही. अमेरिकेत २००७ पासून २०११ च्या सुरुवातीपर्यंत आयफोन एकाच सिम कंपनीकडे, एटी अँड टीकडे, मिळायचा.

तेव्हा शेजारणीच्या फोनवर आधी घरातली रेंज बघा. दुकानात आपलं सिम न्या, नव्या फोनात घालून घरी फोन लावा. योजनेतला फोन असेल तर दोन गोष्टी विचारा: दुसऱ्या कंपनीचं सिम चालेल का, आणि एखाद्या महिन्याचं रिचार्ज चुकलं तर परतीचे पैसे बुडतील का? उत्तर बिलावर लिहून, शिक्का मारून घ्या.