लोणारचे पाणी 'ट्रान्सफॉर्म' झाले नव्हते

जून २०२० मध्ये लोणार सरोवराचे हिरवट पाणी गुलाबी दिसू लागले आणि बुलढाणा जिल्ह्यातले हे विवर जगभरच्या बातम्यांत आले. ही घटना इंग्रजीत एका वाक्यात लिहा असे अकरावीच्या वर्गाला सांगितले, तर 'चेंज', 'टर्न', 'अल्टर', 'मॉडिफाय', 'कन्व्हर्ट', 'ट्रान्सफॉर्म' अशी सगळी क्रियापदे वह्यांत उतरतील. कोशात प्रत्येकापुढे 'बदलणे' लिहिलेले असते, म्हणून कोणतेही चालते असे मुलांना वाटते. त्यातही लांबलचक शब्द घातला की गुण जास्त पडतात, हा समज फार खोल रुजलेला आहे. तो मोडायलाच हवा. यातला प्रत्येक शब्द बदलाविषयी वेगळे विधान करतो, आणि ते विधान खोटे ठरू शकते.

लोणारला काय झाले होते? उन्हाळ्यात बाष्पीभवनाने पाणी घटले, मुळातच खारट आणि अल्कधर्मी असलेले पाणी आणखी खारट झाले आणि अशा पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव फोफावले. त्यांच्या रंगद्रव्यामुळे पाणी गुलाबी दिसत होते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून हे सांगितले. पुढे पावसाने खारटपणा उतरला आणि गुलाबी रंगही ओसरला. याला 'टर्न्ड पिंक' हे साधे शब्द चपखल बसतात. रंग पालटला, एवढेच ते सांगतात. तो कोणी पालटला, कायमचा पालटला का, याबद्दल ते काहीच बोलत नाहीत. 'ट्रान्सफॉर्म्ड' लिहिले तर वाचणारा समजतो की सरोवराचे रूपच पालटले, आता ते पूर्वीचे राहिले नाही. तसे काही झालेच नव्हते.

'ट्रान्सफॉर्म'ला योग्य जागा हवी असेल तर तीही लोणारलाच सापडते, पाण्यात नव्हे, काठच्या दगडात. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर ज्वालामुखीचे असावे, असे बराच काळ मानले जात होते. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने ते अशनीच्या आघाताने झाल्याचे दाखवले, आणि त्यातला एक महत्त्वाचा पुरावा होता मॅस्केलिनाइट. बेसॉल्टमधल्या फेल्डस्पार खनिजावर आघाताचा प्रचंड दाब आला की त्याची स्फटिकरचना मोडते आणि त्याची काच होते. घटकद्रव्ये जवळपास तीच राहतात, रचना मात्र पार जाते. 'ट्रान्सफॉर्म' या शब्दाच्या पोटात 'फॉर्म' आहे तो यासाठी.

'अल्टर' शब्द आपण रोज वापरतो, फक्त तो इंग्रजी आहे हे विसरलेलो असतो. खामगावच्या टेलरकडे 'ड्रेस अल्टर करून द्या' म्हणताना ड्रेस तोच राहणार, कंबर किंवा बाही तेवढी कमीजास्त होणार, हे दोघांनाही ठाऊक असते. अर्थ अचूक आहे. 'मॉडिफाय'चे मात्र बिनसले आहे. बुलेटचा सायलेन्सर मॉडिफाय केला म्हणजे गाडी भारी झाली, असे पोरे समजतात. या शब्दात सुधारणेची हमी नाही. काही हेतू मनात धरून केलेला मर्यादित फेरफार, एवढाच त्याचा अर्थ. कित्येकदा तर धार कमी करणे, सौम्य करणे असाही होतो. मागणी 'मॉडिफाय' केली म्हणजे बहुधा ती थोडी उतरवलेली असते.

'कन्व्हर्ट'चा उत्तम धडा रेल्वे देते. अकोला–खंडवा मीटरगेज मार्ग ब्रॉडगेज करण्याच्या कामाला रेल्वे 'गेज कन्व्हर्जन' म्हणते. एका ठरलेल्या प्रकारातून दुसऱ्या ठरलेल्या प्रकारात नेणे, असा त्याचा अर्थ: मीटरचे फूट, रुपयांचे डॉलर. जुना मार्ग मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून जात होता, म्हणून तेवढा भाग टाळून नवा मार्ग बुलढाणा जिल्ह्याच्या बाजूने वळवण्याचे ठरले. हे कन्व्हर्जन नव्हे. याला 'रीअलाइनमेंट' म्हणतात. एकाच कामातले दोन बदल, दोन शब्द, आणि ज्यांच्या गावातून रूळ जाणार त्यांच्यासाठी त्यांतला फरक जमिनीचा आहे.

आता शेताकडे. गेल्या काही दशकांत विदर्भात कपाशीचे बरेच क्षेत्र सोयाबीनखाली गेले. 'फार्मर्स कन्व्हर्टेड कॉटन इंटू सोयाबीन' असे लिहिले तर शेतकऱ्याने कापसाचेच सोयाबीन केले असा अर्थ होतो. 'स्विच्ड फ्रॉम कॉटन टू सोयाबीन' म्हणा, किंवा 'रिप्लेस्ड कॉटन विथ सोयाबीन'. इथे एक खड्डा आहे, त्यात चांगले विद्यार्थीही पडतात. 'रिप्लेस' आणि 'सबस्टिट्यूट' एकच समजून क्रम तसाच ठेवला जातो. 'रिप्लेस'मध्ये जाणारे पीक आधी येते, 'सबस्टिट्यूट'मध्ये येणारे: 'सबस्टिट्यूटेड सोयाबीन फॉर कॉटन'. क्रम चुकला की शेतात उलटेच पीक उभे राहते.

त्या सोयाबीनचा भाव खामगावच्या बाजार समितीत एक आणि मलकापूरला दुसरा असेल तर तो 'व्हेरीज'. एकाच बाजारात या आठवड्याला चढला, पुढच्या आठवड्याला उतरला, पुन्हा चढला, तर 'फ्लक्च्युएट्स'. 'व्हेरी' काळाप्रमाणे होणाऱ्या फरकालाही चालतो, पण 'फ्लक्च्युएट'ला वर-खाली हेलकावे लागतातच. भाव सलग तीन महिने पडतच राहिला तर त्याला 'फ्लक्च्युएशन' म्हणणे शेतकऱ्यावर अन्याय आहे. ती सरळ घसरण असते.

'इव्हॉल्व्ह' म्हणजे प्रगती, हा समज तर शिकलेल्यांतही आढळतो. जीवशास्त्रात या शब्दाला चढ-उतार नाही. अंधाऱ्या गुहांत पिढ्यान्‌पिढ्या राहून काही माशांचे डोळे गेले, तेही 'इव्होल्यूशन'च. त्याच्या शेजारचा 'अडॅप्ट' आणि एका स्वराने वेगळा असलेला 'अडॉप्ट' यांची गल्लत नेहमीची. लोणारच्या अल्कधर्मी पाण्यात तग धरणारे सूक्ष्मजीव तिथे 'अडॅप्ट' झालेले आहेत. गाव दत्तक घेतात ते 'अडॉप्ट'.

समानार्थी शब्दांची यादी म्हणजे अदलाबदलीची परवानगी, असे मानायला सुरुवात कुठे झाली कोण जाणे. पीटर मार्क रोजे या डॉक्टरांनी १८५२ साली आपला प्रसिद्ध थिसॉरस काढला, तो कल्पनांनुसार शब्द एकत्र मांडणारा होता. जवळचे शब्द शेजारी ठेवावेत आणि लिहिणाऱ्याने त्यातून नेमका उचलावा, ही त्यामागची रीत.

आणि साधा 'चेंज'? तो सर्वांत सोपा म्हणून निरुपद्रवी वाटतो. कायद्याच्या भाषेत तसे नसते. १९९२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान करारात 'क्लायमेट चेंज' म्हणजे माणसाच्या कृतीतून झालेला बदल, तर आयपीसीसी या वैज्ञानिक मंडळाच्या व्याख्येत नैसर्गिक कारणेही येतात. शब्द तेच, कक्षा वेगळी. बुलढाण्यात एखाद्या वर्षी पाऊस दगा देतो, तेवढ्याने मात्र कोणत्याच व्याख्येत 'क्लायमेट चेंज' ठरत नाही, ती 'व्हेरिएबिलिटी'. हवामानाची सरासरी साधारण तीस वर्षांवर काढतात.

लोणारला हा फरक थेट लागू होतो. नोव्हेंबर २०२० मध्ये सरोवर रामसर पाणथळ स्थळ म्हणून जाहीर झाले. अशा स्थळाचे पर्यावरणीय स्वरूप बदलले, बदलत असेल किंवा बदलण्याची शक्यता असेल, तर देशाने ते कळवायचे असते. २००५ साली रामसर करारातील देशांनी या 'चेंज'ची व्याख्या केली ती 'अल्टरेशन' हाच शब्द घेऊन, आणि त्याला दोन अटी जोडल्या: तो माणसामुळे झालेला हवा आणि हानिकारक हवा. म्हणजे जगभर गाजलेला तो गुलाबी रंग, नैसर्गिक असल्यामुळे, या अर्थाने बदलच नव्हे. उलट वस्तीचे सांडपाणी सरोवरात उतरून पाण्याचा अल्कधर्म कमी होऊ लागला, तर रंग काडीइतकाही न पालटता तो बदल ठरेल. लोणारच्या एखाद्या पदवीधराला त्याबद्दल इंग्रजीत अर्ज करायचा झाला, तर 'द वॉटर हॅज चेंज्ड' एवढ्याने भागणार नाही. कशामुळे, केव्हापासून आणि किती, हे सांगणारे क्रियापद त्याला निवडावे लागेल.