धुराचे गणित आणि खालच्या वाऱ्याची वस्ती

वणव्याचा धूर कोठवर जाईल हे आज गणिताने सांगता येते. २०२३ च्या जूनमध्ये कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातील जंगले पेटली आणि शेकडो मैलांवरच्या न्यूयॉर्कचे आकाश नारिंगी झाले. तो धूर पुढे कोठे सरकणार, याचे नकाशे तिथे रोज निघत होते. आमच्या दिव्यात जंगल नाही. आमच्याकडे डम्पिंग होते. ठाणे शहराचा कचरा वर्षानुवर्षे येथे येऊन पडला. २०२३ साली तो येणे थांबले. तो ढीग पेटे, दिवसेंदिवस धुमसे आणि धूर चाळींतून फिरे. मी विज्ञानाचा शिक्षक. न्यूयॉर्कच्या धुराचे गणित होते, तर आमच्या धुराचे का होऊ नये, असे मला वाटले.

या गणिताला प्रतिमान किंवा मॉडेल म्हणतात. त्यात गूढ असे काही नाही. किती वस्तू जळाली, धूर किती उंच चढला, वारा कोणत्या दिशेला किती वेगाने वाहतो आणि हवेचे छत किती उंचीवर आहे, एवढे ठाऊक असेल तर पुढचे काम आकडेमोडीचे. यातले छत जरा समजून घ्यावे लागते. दिवसा तापलेल्या जमिनीवरची हवा वर उठते आणि धूर हजार मीटरपर्यंत विरत जातो. हिवाळ्यातल्या रात्री जमीन निवते, तिच्यालगतची हवा थंड होते आणि वर उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो. मग धुराला शंभर मीटरसुद्धा मिळत नाहीत.

जंगलाची मोठी आग स्वतःच्या उष्णतेने धूर उंच फेकते. कचऱ्याचे तसे नाही. कुजणाऱ्या कचऱ्यातून मिथेन निघतो, आग आतल्या आत धुमसते, प्राणवायू कमी म्हणून ज्वलन अपुरे होते. कार्बन मोनॉक्साइड, सूक्ष्म कण आणि प्लॅस्टिक जळाल्याची विषे बाहेर पडतात. पण धूर उचलून नेण्याइतकी धग नसते. तो जमिनीलगत सरपटतो. वरून पाणी मारले तरी आतली आग राहते. इंडोनेशियातली दलदलीची जमीन १९९७ साली अशीच खालून जळत राहिली आणि सिंगापूर-मलेशियापर्यंत माणसे खोकत होती.

आता एक हिशेब करू. उघड्यावर एक किलो कचरा जळाला की ढोबळमानाने १० ग्रॅम सूक्ष्म कण हवेत जातात. समजा, एका रात्री एक टन कचरा धुमसला. म्हणजे १० किलो कण. वारा पडलेला आहे, छत शंभर मीटरवर आहे, आणि धूर एक किलोमीटर लांब, एक किलोमीटर रुंद अशा चौकोनात सारखा पसरला. भागाकार केला तर दर घनमीटर हवेत १०० मायक्रोग्रॅम येतात. आपल्या देशाचे २००९ चे प्रमाण चोवीस तासांच्या सरासरीला ६० आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली १५ सांगितले.

आता तोच धूर, तीच रात्र. फक्त चौकोन पाच किलोमीटर बाजूचा घ्या. क्षेत्र पंचवीस पट झाले, उत्तर ४ आले! शंभराचे चार झाले, आणि हवेत मात्र काहीच बदलले नाही. बदलली ती कागदावरची रेघ. या मोठ्या चौकोनात मुंब्रा, दिवा, डोंबिवलीचा काही भाग आणि खाडीचे पाणीसुद्धा येईल. ढिगाशेजारी निजलेल्या माणसाच्या छातीतला धूर त्या सगळ्यांत वाटून टाकला जातो. मोठ्या प्रदेशाची हवा पाहायची तर मोठे चौकोन लागतातच, त्यात शास्त्रज्ञांची लबाडी नाही. पण त्या उत्तरावरून चाळीतल्या हवेचा निर्वाळा देणे ही लबाडी आहे.

दुसरी अडचण पाहण्याची. आग कोठे आहे हे प्रतिमानाला बहुधा उपग्रह कळवतो, तो धग पाहून. जानेवारी २०१६ मध्ये देवनारची आग एवढी भडकली की तिचा धूर अवकाशातून टिपला गेला, आणि परिसरातल्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. देवनारला कचरा पडतो आहे १९२७ पासून. मात्र लहानशी, राखेखाली धुमसणारी आग उपग्रहाच्या नजरेतून सहज निसटते. ज्या आगीची नोंद नाही, तिचा धूर गणितात शून्य.

आमच्या गावी महारवाडा गावाच्या पूर्वेला होता. का, असे विचारले की वडील म्हणत, वारा पश्चिमेचा. आपल्या अंगावरून गेलेला वारा गावात जाऊ नये म्हणून. वाऱ्याची दिशा पाहून माणसे बसवण्याचे शास्त्र या देशाला जुने आहे. शहरात कोणी तसे हुकूम काढत नाही. ढिगाजवळची खोली स्वस्त असते, एवढे पुरते. कचरा वेचणारी बाई तर ढिगावरच उभी असते. तिच्यासाठी पाच काय, एक किलोमीटरचा चौकोनही मोठा आहे.

म्हणून नोंदी आपल्याला ठेवाव्या लागतील. आधारवाडीचे डम्पिंग २०२१ साली बंद झाले, दिव्याचे २०२३ साली. पण बंद ढिगाच्या पोटातही मिथेन राहतो, आणि कचरा तर दुसऱ्या कोणाच्या तरी दारात जातोच. तिथल्या कार्यकर्त्यांनी एक वही घालावी. धूर दिसला ती वेळ, बांबूला बांधलेली कापडाची पट्टी कोणीकडे उडते ती दिशा, ठरावीक अंतरावरची इमारत दिसते की नाही, कोणत्या घरात कोणाला खोकला. शक्यतो पहाटे लिहावे, कारण छत तेव्हा सर्वांत खाली असते आणि धूर पाहायला कोणी आलेले नसते.