गोळीने मळमळतंय? आधी कोणती गोळी ते पाहा

दिवस राहिले की पहिले दोन-तीन महिने मळमळ बहुतेकींना होतेच. त्यात गोळी घेतली की पोट आणखी ढवळतं. मग ‘या गोळ्या उष्ण पडतात’ असं घरातलं कुणीतरी म्हणतं आणि सगळ्याच गोळ्या कपाटात जातात. गडबड होते ती इथेच.

पोट बिघडवते ती बहुतेक वेळा लोहाची, म्हणजे रक्तवाढीची गोळी. लोह जठराच्या अस्तराला झोंबतं. त्याने मळमळ होते, पोट साफ होत नाही, शौचाला काळपट होते. या काळ्या रंगाला मात्र घाबरू नये. फॉलिक ॲसिडच्या छोट्या गोळीचा सहसा असा त्रास नसतो, आणि सुरुवातीला तीच सर्वांत गरजेची. गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत बाळाच्या मेंदूची आणि मज्जारज्जूची नळी मिटते. ती नीट मिटली नाही तर जन्मतः व्यंग राहू शकतं.

सरकारी वेळापत्रकही तसंच आहे. पहिले तीन महिने फॉलिक ॲसिड. चौथ्या महिन्यापासून १८० दिवस रोज ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असलेली लाल गोळी. कार्यक्रम केंद्राचा आहे, त्यामुळे सासर निपाणीला आणि माहेर कोल्हापुरात असलं तरी गोळी तीच. खासगी दवाखान्यातल्या मल्टिव्हिटॅमिनमध्ये मात्र सुरुवातीपासूनच लोह असू शकतं. पाकीट वाचा. फारच त्रास होत असेल तर डॉक्टरांना विचारून ती गोळी काही आठवडे थांबवून नुसतं फॉलिक ॲसिड घेता येतं. हिमोग्लोबिन कमी असेल तर हा निर्णय आपल्या मनाने घेऊ नये.

लोह सुरू झाल्यावर वेळ बदलून पाहावी. सकाळी उपाशीपोटी नको. रात्री जेवून, झोपण्याआधी घेतली तर मळमळ झोपेत निघून जाते. सोबत लिंबूपाणी चालेल. चहा तासभर आधी-नंतर नको, दूधही नको, आणि कॅल्शियमची गोळी दोन तासांच्या अंतराने. तरीही जमलं नाही तर डॉक्टर दुसऱ्या प्रकारचं लोह देतात. सकाळी उठल्या उठल्या मूठभर कोरडे चुरमुरे किंवा खारी खाल्ली तर बऱ्याच जणींना बरं वाटतं.

पण घोटभर पाणीही पोटात टिकत नसेल, लघवी कमी आणि गडद होत असेल, वजन उतरत असेल किंवा चक्कर येत असेल, तर तो गोळीचा त्रास समजून घरी बसू नका. त्याच दिवशी दवाखान्यात जा, सलाईन लागू शकतं.